कपाटात ठेवून आलेल्या गोळ्या

गडहिंग्लजच्या स्टँडवर बेळगावची एस.टी. लागली, तेव्हा बाबांनी कंडक्टरला तीनदा सांगितलं की पोरगी इंजिनिअरिंगला बेंगळुरूला चाललीय. ते गिरणीतून तसेच आले होते, भुवयांवर पीठ. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आई खिडकीखाली उभी राहून एवढंच म्हणाली, "तिकडं मन रमव गं." मी हो म्हटलं.

दुसऱ्या वर्षी मला सकाळी उठताच येईना. नापास झाले नव्हते, कुणी फसवलं नव्हतं. सांगायला कारणच नव्हतं, त्याचीच भीती वाटायची. कॉलेजच्या काउन्सेलर मॅडमनी बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या एका डॉक्टरांकडे पाठवलं. नैराश्य आहे, ते म्हणाले. गोळ्या बरेच महिने घ्यायच्या, आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. शिवाय दर आठवड्याला मॅडमशी बोलायचं, हिंदीतून. मी आधी मराठीत वाक्य जुळवते, मग हिंदीत म्हणते. रडू मात्र मधेच येतं.

एचएसआर लेआउटच्या पीजीत माझी रूममेट अदिती, पुण्याची. तिलाही हाच आजार. तिची आई रोज संध्याकाळी फोन करते, स्पीकरवर.

"गोळी घेतलीस ना? मग आवाज असा का?"

"आई, तू माझी थेरपिस्ट नाहीयेस."

"फी घेत नाही, म्हणून किंमत नाही."

मग दोघी हसायच्या आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायची. मला तिच्या इंग्रजीचा हेवा वाटला नाही, बुटांचाही नाही. त्या कटकटीचा वाटायचा. एकदा तिची आई भेटायला येणार होती, तर मी दोन दिवस लायब्ररीत काढले. मला ते बघायचं नव्हतं.

दिवाळीला गावी गेले, तेव्हा गोळ्या बेंगळुरूच्या कपाटात मुद्दाम ठेवून गेले. आमच्याकडे बॅग मी उघडत नाही. दारात पाऊल टाकलं की आई ती ओढून घेते आणि मळके कपडे शोधत तळापर्यंत रिकामी करते. आठ दिवसांनी काय होतंय, असं वाटलं. चौथ्या दिवशी डोकं गरगरायला लागलं, चकल्या पाडताना रडू आवरेना. आईनं मीठमोहरीनं दृष्ट काढली.

पाचव्या दिवशी मी पडून होते. माझा फोन वाजला, तो आईनं उचलला. अदिती होती, पुण्याहून पीजीवर परतलेली. तिनं सहज सांगितलं, "काकू, हिच्या गोळ्या इथंच कपाटात राहिल्यात." घरी ठाऊक नसेल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

कसल्या गोळ्या, आईनं विचारलं. व्हिटॅमिनच्या म्हणता आलं असतं. मी म्हटलं, मनाच्या आजाराच्या. दीड वर्ष झालं.

आईनं परात ओढली आणि पीठ मळायला घेतलं. मला वाटलं, आता लग्नाचं काढेल, लोकांचं काढेल. ती म्हणाली, "दीड वर्ष त्या पोरीला ठाऊक, आणि मला न्हाई?"

तो आवाज मी ओळखला. भिंतीकडे तोंड करून पडल्यावर माझ्या आत तोच असायचा.

डॉक्टरांना फोन केला. अदितीनं चिठ्ठीचा फोटो पाठवला. पण आईनं गावातल्या मेडिकलमधून गोळ्या घेऊ दिल्या नाहीत, तो दुकानदार बाबांच्या ओळखीचा. आम्ही एस.टी.नं निपाणीला गेलो. तिथं रसवंतीच्या बाकावर तिनं पाण्याची बाटली उघडून माझ्यापुढे धरली आणि गोळी गिळेपर्यंत माझ्या गळ्याकडे बघत राहिली.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते गिरणीत गेले की आई फोन करते, आवाज बारीक करून गोळीचं विचारते. अदितीची आई स्पीकरवर ओरडते, तेव्हा मला अजूनही हेवा वाटतो. तो जायचा नाही बहुतेक. गाव सोडून आलेल्या माझ्यासारख्या कुणाला घर म्हणजे काय ते नीट सांगता येत असेल. मला एवढंच सांगता येतं, की तिथं एक बाई माझ्यावर अजून रुसलेली आहे, कारण माझं दुखणं तिच्या आधी परक्या पोरीला कळलं.