उजव्या हातातला प्रसाद

लढाईच्या त्या दिवसांत जबलपूरच्या कारखान्यात बाबांची पाळी बारा तासांची झाली होती. ते टर्नर होते; लेथवर तोफगोळ्यांची कवचं कातायचे. एका दुपारी फिरत्या मशीनने त्यांचा उजवा पंजा ओढून घेतला. हाडं शाबूत राहिली, पण तळहाताची आणि अंगठ्याशेजारच्या बोटाची कातडी सोलून निघाली.

डॉक्टरांनी पोटाची कातडी तीन बाजूंनी कापून उचलली, चौथी बाजू पोटालाच ठेवली आणि ती हातावर शिवली. म्हणजे हातच पोटाला शिवलेला. तीन आठवडे तसाच. तेवढ्या दिवसांत कातडीला हाताकडून रक्त मिळू लागलं, की मग पोटापासून सोडवायचं. "हाथ खिंचना नहीं चाहिए," डॉक्टरांनी आईला आणि मला बजावलं. "खिंचा, तो चमड़ी मर जाएगी." बोट वाचलं तर बाबा पुन्हा लेथवर उभे राहणार होते; नाहीतर नाही. त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि यायला हवं असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं.

मी तेव्हा कॉलेजात होते. अंगात शहाणपण फार. दुपारची राखण माझ्याकडे असायची. कोटात हात खुपसलेल्या साहेबासारखे दिसता, असं मी त्यांना चिडवायचे. ते हसायचे, आणि हसू नका म्हणून मीच ओरडायचे.

नवव्या दिवशी आमच्या घमापुरातल्या शेजारीणबाईंनी तिलवारा घाटावरून नर्मदेचा प्रसाद आणून दिला. तो घेऊन मी दवाखान्यात गेले, तेव्हा नर्सने अंग पुसण्यासाठी कोपराला बांधलेले पट्टे सोडले होते आणि ती नवे आणायला गेली होती. बाबा औषधाच्या गुंगीत होते. मी थांबायला हवं होतं. मी पुढे होऊन म्हटलं, "बाबा, प्रसाद घ्या."

आमच्या घरी प्रसादाला डावा हात पुढे केला, तर हातावर चापट बसायची. ती बाबांनीच लावलेली शिस्त. त्यांनी डोळेही नीट उघडले नाहीत. उजवा हात पुढे आला.

तेव्हा झालेला आवाज अजून माझ्या कानात आहे. जुनं फडकं फाडताना होतो, तेवढाच. चादर लाल होऊ लागली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"काहून रडून राहिली?" ते म्हणाले. "चूप. कोणाला सांगू नको."

डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, "नींद में खिंच गया." आईलाही तेच. टाके पुन्हा घातले. तळहातावरची कातडी जगली; बोटावरची काळी पडली आणि बोट काढावं लागलं. लेथ त्यांना परत मिळाला नाही. निवृत्त होईपर्यंत ते फाटकापाशी हजेरीचे बिल्ले वाटत बसले. मी आईला कधीच खरं सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही नाही. भित्री होते, दुसरं काय.

पोटाची ती कातडी तळहातावर पोटासारखीच वागत राहिली. बाबांचं पोट सुटलं तसा तळहातही फुगला. मला तिच्याकडे बघवत नसे. गरम, थंड, टोचलेलं, तिथे त्यांना काहीच कळायचं नाही.

तरी प्रसाद उजव्याच हातात. शेवटच्या वर्षी त्यांना दिसेनासं झालं होतं. मी तळहातावर बत्तासा ठेवायचे, आणि ते हात तसाच पुढे धरून बसून राहायचे.

"दे ना बेटा," म्हणायचे. "अजून दिला नाही का?"