तिसऱ्या भागातलं शेवटचं वाक्य

माझे मामा शिरपूरला लग्नांची व्हिडिओ शूटिंग करायचे. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसत, त्यामुळे त्या दिवसांत मामा रिकामे आणि कॅमेराही रिकामा. दिवाळीत भाऊबीजेला ते आमच्याकडे धुळ्याला येत तेव्हा तो अवजड कॅमेरा खांद्याला असायचाच. घरी ठेवला तर उंदीर वायर कुरतडतात, असं ते सांगत. खरं म्हणजे त्यांना त्याच्याशिवाय करमत नसे.

त्या कॅमेऱ्यावर आम्ही तीन सिनेमे काढले. आम्ही कसले, ताईने काढले. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आणि घरात तिच्यापुढे कुणाचं चालत नसे, वडिलांचंसुद्धा. तिच्या शाळेच्या वाचनालयात मुलांच्या अद्भुत गोष्टींची पाच भागांची एक माला होती. विहिरीच्या तळाशी एक राज्य असतं, तिथली चेटकीण एका मुलाला पळवते आणि त्याची बहीण त्याला शोधायला खाली उतरते. पहिल्या चारही भागांच्या शेवटी तो सापडतो, पण वेगळ्याच प्राण्याच्या रूपात, आणि हातात आला की पुन्हा निसटतो. पाचव्या भागात तो पुन्हा माणूस होतो आणि दोघं घरी येतात. ताईने ठरवून टाकलं की दर दिवाळीला एक भाग करायचा. बहीण अर्थात ती. भाऊ मी, म्हणजे पहिल्या वर्षी पोपट, दुसऱ्या वर्षी बोकड आणि तिसऱ्या वर्षी मुंगूस. मला एकही वाक्य नव्हतं आणि माझा चेहरा एकाही सिनेमात दिसत नाही. मी कुरकुर केली की ती म्हणायची, "पाचव्या भागापर्यंत दम धर ना. तिथं तूच हिरो आहेस."

पुस्तकातलं पाताळ धुळ्यात कुठून आणणार? ताईने आणलं. पांझरेच्या पात्रातले खडक म्हणजे चेटकिणीने दगड केलेली माणसं. लळिंगचा किल्ला म्हणजे चेटकिणीचा महाल. शिरपूरजवळची मामांच्या मित्राची केळीची बाग म्हणजे राक्षसांचं जंगल. तिथे पाणी भरणारे एक आबा सगळं बघत उभे होते, ते आपण होऊन राक्षस व्हायला तयार झाले आणि नंतर आवरेचनात. पुस्तकात हरणांचा रथ होता, आम्ही बैलगाडीवर भागवलं. पण वाक्य मात्र ती एका शब्दाने बदलू द्यायची नाही. भांडी घासताना, केस विंचरताना, जेवताना तिची तालीम चाललेली असे. ऐकून ऐकून ते सगळे संवाद मलाही पाठ झाले.

शूटिंग झालं की मामा कॅसेट जळगावच्या मिक्सिंगवाल्याकडे नेत. लग्नाच्या कॅसेटी तोच सजवून द्यायचा. नवरानवरीभोवती बदाम, कोपऱ्यांतून फुलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमातली गाणी. मंडपातला गोंगाट, रुसवेफुगवे, आचाऱ्याच्या शिव्या हे कुणाला ऐकायचं असतं? तो मूळ आवाज पुसून गाणी भरायचा. मूळ कॅसेट मामा पुढच्या लग्नाला वापरत. तेव्हा सगळेच तसं करायचे.

आमचा पहिला सिनेमा त्याने तसाच करून दिला. भाड्याचा व्हीसीआर आणला होता, गल्ली गोळा झाली होती. पडद्यावर ताई विहिरीच्या कठड्यावर उभी राहिली, तिने हात उंच करून तोंड उघडलं आणि भलत्याच बाईचं प्रेमगीत सुरू झालं. तिच्याभोवती बदाम आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई उठून मामांच्या समोर उभी राहिली.

"मामा, माझं बोलणं कुठं गेलं?"

मामा खुशीत होते. "देख ना, कसं भारी दिसी ऱ्हायनं! लगनमा कोनी बोलणं ऐकस का?"

"हे लग्न नाहीये!" ती ओरडली आणि न जेवता झोपली. दुसऱ्या वर्षीही तेच झालं. मिक्सिंगवाल्याने नीट ऐकलं नाही, असं मामा म्हणाले. तिसऱ्या वर्षी बागेत वारा होता, बोलणं नुसतं खरखरत होतं, म्हणून गाणीच. आता मला त्या मिक्सिंगवाल्याचा जितका राग येतो, तितका तेव्हा आला नाही. तेव्हा मला ती फुलं आवडली होती.

पुढच्या उन्हाळ्यात मामा एका लग्नासाठी धुळ्याला आले आणि त्यांनी पिशवीतून नवा माईक काढून ताईच्या हातात दिला. चौथ्या भागात तुझंच बोलणं राहील, एकही गाणं नाही, असा त्यांनी शब्द दिला. माईक कशालाच जोडलेला नव्हता. तरी ती तो धरून दुपारभर घरात बोलत फिरली. आईने पोळ्या किती केल्या हेसुद्धा तिने त्यात जाहीर केलं.

भाद्रपदात तिला कावीळ झाली. आधी झाडपाल्याचं औषध झालं, मग सिव्हिल हॉस्पिटल. ती परत आली नाही. एवढंच मला लिहिता येतं.

त्या दिवाळीला मामा कॅमेरा न घेता आले. आपला जुना व्हीसीआर आणि तिन्ही कॅसेटी त्यांनी आईपुढे ठेवल्या. आईने पदर सावरला आणि टीव्हीसमोर अगदी जवळ जाऊन बसली. ताई कठड्यावर आली, गाणं लागलं.

"गानं बंद कर," आई म्हणाली.

मी आवाज बंद केला. मग खोलीत काहीच उरलं नाही. ताईचे ओठ हलत होते.

"तिना आवाज कोठे गया?" आईने मामांना विचारलं. मामा उठून दारापुढच्या ओट्यावर गेले आणि तिथे बसून रडले. दुसऱ्या दिवशी ते जळगावला गेले, मग शिरपूरला जाऊन सगळी कपाटं त्यांनी उपसली. तिसऱ्या भागाची मूळ कॅसेट सापडली. तिच्यावर पहूरचं कुणाचं तरी लग्न होतं. शेवटी थोडंसं काही राहिलं असेल म्हणून त्यांनी ते लग्न पूर्ण पाहिलं. पंगती, पाठवणी आणि त्यानंतर कोऱ्या पडद्यावर नुसत्या मुंग्या.

आई मला म्हणाली, "तू बोल. तुले बठ्ठं पाठ शे ना?"

तेव्हापासून मी बोलू लागलो. आईला वाटेल तेव्हा कॅसेट लावायची, आवाज बंद करायचा आणि ताईच्या ओठांबरोबर तिचे संवाद म्हणायचे. "दार उघड चेटकिणी, मी माझ्या भावाला न्यायला आले आहे." माझा आवाज फुटला तरी आईने कधी नको म्हटलं नाही. मी कॉलेजात गेलो, नोकरीला लागलो, सुट्टीला आलो की हे असायचंच. मला ते सहन होत नसे आणि टाळताही येत नसे. सिनेमात ताई मला हाका मारत होती आणि तिच्या हाका मीच मारत होतो.

एका ठिकाणी मात्र मी अडायचो. तिसऱ्या भागाच्या शेवटी ती मुंगसाला, म्हणजे मला, उराशी धरते आणि ठरलेलं वाक्य म्हणते. ते संपल्यावर कॅमेऱ्याकडे बघून ती आणखी काहीतरी बोलते, छोटंसंच, आणि हसते. चित्रही हलतं, म्हणजे मामाही हसले असणार. ते पुस्तकात नाही. मामांना आठवत नाही. मी तिच्या इतका जवळ होतो की तिचा श्वास लागत होता, पण मुंगसाचा मुखवटा सैल पडू नये म्हणून तिनेच माझ्या कानांशी कापूस कोंबला होता.

"हाई काय म्हनी ऱ्हायनी ती?" आई दर वेळी तिथे विचारायची. मी माहीत नाही म्हणायचो. कॅसेट झिजत चालली होती, ताईच्या तोंडावरून पांढऱ्या रेघा जायच्या. एकदा आईचा चेहरा मला बघवेना. मी म्हणालो, "आई, ती म्हणतेय, आता घरी चला, भूक लागली."

आई पडद्याकडेच बघत होती. तिने मान हलवली.

"नही. भूक लागनी का ती हासे नही," ती म्हणाली. "आखो लाव."

मी कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली.