सुहासची चौकशी आणि माझा एक प्रश्न

सुहास आमच्या गावचा ग्रामसेवक. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणतात, आणि भाऊसाहेबांनी कोणाला नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. पोलादपूरहून मोटारसायकलवर येताना तो कोणाची औषधं आणतो, कोणाची शिवायला टाकलेली पोलकी. दाखल्यासाठी आलेल्या म्हाताऱ्याला परत वाडीवर सोडून येतो. असा माणूस सरकारी खरेदीवर ठेवू नये. पण मला कोणी विचारलं नव्हतं.

गावात सौरदिवे घ्यायचे ठरले. नियमाने निरनिराळ्या दुकानांची दरपत्रकं मागवायची असतात. आमच्याकडे त्याआधी गावकी, म्हणजे गावच्या जाणत्यांची बैठक, बसते. ज्याला विषय काढायचा, तो देवळात देवापुढे नारळ ठेवून बोलतो, आणि तिथली गोष्ट बाहेर कोणी काढत नाही. गावकीने दुकान ठरवलं, सुहासने मान डोलावली आणि दिवे आणले. पावसाळ्यात निम्मे विझले. गावची मुंबईकर मंडळी फोनवर तापली. मग गावकीतल्याच भागोजीने वर तक्रार केली की ग्रामसेवकाने परस्पर खरेदी करून पैसा खाल्ला.

सुहास निलंबित झाला. घरात मिळवता तोच एक. ग्रामसभेने त्याला काढून टाकायचा ठरावही करून टाकला, जणू तो गावाचा सालगडीच. पण सरकारी माणसाला असं काढता येत नाही. आधी दोषारोप द्यावे लागतात, त्याचं ऐकावं लागतं, साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यावे लागतात. त्यासाठी एखादा निवृत्त कर्मचारी मदतीला घेता येतो. सुहास माझ्याकडे आला.

मी जन्मभर सरकारी कचेरीत टेबलामागे बसून टिपण्या लिहिल्या. पोस्टात तिकीट मागतानाही माझा आवाज फुटत नाही.

"दुसरा कोणी बघ रे," मी म्हणालो.

"बघितले, भाऊ. ते नाही म्हणाले. तुम्हाला नाही म्हणता येत नाही, हे मला ठाऊक होतं."

बायको, जानकी, आतून म्हणाली, "हे बोलणार? परवा महाडात रिक्षावाल्याला थांब म्हणवलं नाही यांना. थेट नाते गावात जाऊन उतरले."

चौकशी महाडला एका कचेरीत होती. चौकशी अधिकारी बाई होत्या. भागोजीने साक्ष दिली, "भाऊसायबांनी कोनाला इचारला नाय. परस्पर माल आणला."

"उलटतपासणी घ्या," बाई मला म्हणाल्या.

प्रश्न पाठ करून गेलो होतो. उभा राहिलो आणि सगळे गेले. काहीतरी पुटपुटलो. बाई म्हणाल्या, मोठ्याने बोला. पुन्हा पुटपुटलो. शेवटी त्यांनी भागोजीची खुर्ची माझ्याजवळ सरकवायला लावली. तो कानामागे हात धरून वाकला, अगदी देवळात शेजारी बसतो तसा.

"काय म्हनतोस रे?"

"दिव्यांचा नारळ कोणी ठेवलेला?"

मला तेवढंच आठवलं. साहेबांपुढे भागोजी बेधडक खोटं बोलेल, पण देवापुढच्या नारळाबद्दल खोटं बोलणार नाही.

"मी," तो म्हणाला. "माज्या जावयाचा दुकान हाय. दिवे बाद निघतील, मला काय ठावं?"

"आणि पैसा खाल्ल्याचं?" बाईंनी विचारलं.

"मुंबयवाले माज्याच अंगावर आले असते. तक्रारीत काय तरी लिवायला लागतं ना, बाई."

बाईंनी ते सगळं लिहून घेऊन त्याची सही घेतली.

बाहेर आल्यावर सुहास म्हणाला, "भाऊ, काय डाव टाकलात." मी बाकीचे प्रश्न विसरलो होतो, हे त्याला सांगायचं राहून गेलं.

पुढे आदेश आला. पैसा खाल्ल्याचं सिद्ध झालं नाही, दरपत्रकं न मागवल्याचं झालं. नोकरी राहिली, वेतनवाढ रोखली. मी अपिलाचं विचारलं, आणि त्याने हो म्हणू नये म्हणून मनात देवाला हात जोडले.

"नको, भाऊ," तो म्हणाला. "गावकी काही का म्हणेना, सही माझी होती. दरपत्रकं मीच मागवली नव्हती."

मला इतकं हायसं वाटलं की त्याला चहा विचारायचंही सुचलं नाही. तो मोटारसायकलला जेवणाचा डबा अडकवून कामावर निघून गेला.