शेवटच्या दोन मुलांचं घर

“थांब हं, आधी जॅकेट बदलते,” असं म्हटल्याशिवाय त्या बाई कामाचं बोलतच नसत.

नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून मी त्या स्कॉटिश बेटावर नर्स म्हणून गेले. बेटावर माणसं मोजकी, त्यामुळे एकेकाकडे तीन-तीन कामं. सत्तरीच्या या बाई टपाल वाटत, धक्क्यावर बोटीचे दोर बांधत आणि छोटं विमान उतरताना आगीचा बंब घेऊन उभ्या राहत. प्रत्येक कामाचं जॅकेट निराळं.

एकदा त्या टपाल घेऊन आल्या, तेव्हा मी विचारलं, “उद्या बोट येईल का हो?”

“ते पिवळ्या जॅकेटला विचार.” खरोखरच घरी जाऊन पिवळं घालून आल्या. “नाही येणार. वारा आहे.”

असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. आपण हसतो आणि पुढे जातो. मीही तेच केलं असतं.

पण त्या शरद ऋतूत शाळेवर संकट आलं. शाळेत मुलं दोनच, एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण. ती दोघं आईबरोबर राहत होती ते भाड्याचं घर मालकाला सुट्टीला येणाऱ्यांसाठी हवं होतं. बेटावर दुसरं घर रिकामं नव्हतं. हे कुटुंब गेलं की शाळा बंद.

बेटावरच्या हॉलमध्ये सगळे जमले, हळहळले, चहा प्यायले. बाई कप खाली ठेवून मुलांच्या आईला म्हणाल्या, “माझ्या घरात या राहायला.”

“आणि तुम्ही?”

“मागे चाकांवरची कॅरॅव्हॅन आहे की.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना चांगलं झापलं. “अहो, तुमचे गुडघे बघा! गारठून जाल.”

“पलीकडच्या बेटावरची शाळा बंद झाली तेव्हा मी तरुण होते,” त्या म्हणाल्या. “आता तिथे फक्त मेंढ्या आहेत, पोरी.”

मी त्यांना गरम पाण्याच्या दोन पिशव्या नेऊन दिल्या.

काही हिवाळे त्यांनी तिथेच काढले. गेल्या वसंतात त्या वारल्या. शाळा चालू आहे.

मला आठवतात त्या रविवारच्या दुपारी. मुलांची आई बाईंना जेवायला बोलवायची. बेटावर कुणी दाराला कुलूप लावत नाही, तरी त्या भर वाऱ्यात स्वतःच्या घराचं दार वाजवून बाहेर उभ्या राहायच्या.

“अहो, तुमचंच घर आहे, या ना सरळ,” आई आतून ओरडायची.

त्या हलायच्या नाहीत. मग ती धाकटी धावत यायची, दार उघडायची आणि त्यांचा हात धरून त्यांना आत न्यायची.