रखमाजीचा पेरू

"झाडावर पिकलेलं काय जहर हाय का?" रखमाजी एकदा म्हणाला होता.

बदनापूरजवळ पेरूची बाग राखण्यात त्याचा जन्म गेला. मधुमेह निघाला तेव्हा हकिमाने गूळ-साखर तोडली. भाकर कमी करून रोज एक पेरू चालेल, म्हणाला. बायकोला, गोजरबाईला, ते पटले नाही. पेरू खायचा नाही म्हणून तिने स्वतःची शपथ घातली. चाखल्याशिवाय फळांची तोड कधी करायची हे कसे ठरवायचे? तो बागेत नुसता येरझारा घालू लागला.

एका दुपारी तो जेवायला आला. तिने सवयीने पाण्यासोबत गुळाचा खडा पुढे केला.

"गूळ बंद हाय ना?"

"पाण्यासंगचा गूळ कुठं खाण्यात धरतेत?" म्हणता म्हणता ती थबकली. "बरं, सुटली शपथ. खा एक पेरू."

रखमाजीने ताटातली अर्धी भाकर टोपल्यात परत टाकली, उरलेली उभ्यानेच खाल्ली आणि बागेकडे निघून गेला.