रानमांजरांचा राजवैद्य

थापा मारण्यात माझा हात धरणारं ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत कुणी नव्हतं, आणि हे मी आजही ताठ मानेने सांगते. बाकीच्या मुली भातुकली खेळायच्या, मी राज्य चालवायची. राज्य रानमांजरांचं. किल्ल्याच्या कड्याखाली झुडपांत खरीखुरी रानमांजरं होती. शेजारपाजारचे त्यांना बनबिलाव म्हणत आणि संध्याकाळ झाली की कोंबड्या झाकत. माझी मांजरं असल्या भानगडीत पडत नसत. त्यांना दरबार होता, मानकरी होते, आणि मुख्य म्हणजे त्यांना आजार होते.

आजार रचण्यात मला खरी गोडी. खोटं बोलणाऱ्या मांजरीला 'उलटकेस' व्हायचा, म्हणजे अंगावरचे केस शेपटीकडून डोक्याकडे वाढू लागायचे. त्यावर बुरुजाच्या सावलीत उगवणारा मऊपाना चघळायचा. एका बोक्याच्या मिशा गळल्या होत्या, त्यामुळे आपण कुठल्या बिळात मावतो हेच त्याला कळेना आणि तो सारखा अडकून बसायचा. त्याला चांदण्यात भिजवलेल्या दुर्वांचा लेप. खंदकातल्या लंगडीला दोन सावल्या होत्या आणि दुसरी तिच्या पायात पाय घालायची. तिच्यासाठी सावलीचं मूळ उगाळायचं. ही सगळी विद्या माझी स्वतःची. थोडीफार उसनी घेतली ती टोपी बाजारातल्या पंसाऱ्याकडून. आईबरोबर त्याच्या दुकानात गेले की मी जडीबुटीची पोती हुंगत उभी राहायची, आणि तो म्हणायचा, "बेटी, सूँघने का दाम नहीं लगता."

बाबा दरबारी दफ्तरात होते. सकाळी अंगरखा, डोक्यावर शिंदेशाही पगडी, आणि तोंड बंद. घरीही ते मोजकंच बोलत. माझ्या राज्याला 'मांजरांचं खूळ' म्हणत आणि मला 'थापाडे' अशी हाक मारत. माझी प्रजा एकच होती, माझा पाच वर्षांचा धाकटा भाऊ. पण अशी प्रजा कुठल्याही महाराजाला मिळाली नसेल. मी एकदा सांगितलेला कायदा तो विसरत नसे.

मी अकरा वर्षांची असताना धाकट्याला मुदतीचा ताप आला. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि लंघन सांगितलं. मुदत संपेपर्यंत अन्नाचा कण नाही. नागरमोथा, वाळा, पित्तपापडा घालून उकळलेलं पाणी आणि गुळवेलीचा काढा, बस. तेव्हा घराघरांत हीच रीत होती. पण पाच वर्षांच्या पोराला रीत कशी कळावी? फोडणीचा वास आला की तो रडायचा, आई पदरात तोंड घालून रडायची, आणि काढ्याची वाटी भिंतीवर जायची.

वैद्यबुवा जाता जाता म्हणाले होते, "जनावरसुद्धा आजारी पडलं की खाणं सोडतं." मला तेवढं पुरलं. मी धाकट्याच्या उशाशी बसले आणि सांगितलं की मांजरांच्या राज्यात आजारी मांजर काही खात नाही. राजवैद्य हुकूम देईपर्यंत नाही. काढा मात्र प्यावाच लागतो, नाही तर उलटकेस होतो. त्याने लगेच डोक्यावरून हात फिरवून पाहिला आणि काढा प्यायला.

तो हुशार होता. चार दिवसांनी म्हणाला, "ताई, राजवैद्य माझ्या सपन्यात आला. बोलला, पेढा खा."

ही पळवाट मी जागच्या जागी बुजवली. स्वप्नातला हुकूम चालत नाही, म्हटलं. हुकूम भर दरबारात, पगडी घालून, मुजरा करून सांगितला तरच खरा. आमच्या ग्वाल्हेरच्या पोरांना हे वेगळं समजवावं लागत नसे. दरबाराची रीत म्हणजे रीत. त्यानंतर त्याने खायला मागितलं नाही. वैद्यबुवांनी माझी पाठ थोपटली आणि मी घरभर मिरवले.

मुदत संपली, ताप उतरला. वैद्यबुवांनी मुगाचं पातळ कढण सांगितलं. आईने देवापुढे साखर ठेवली आणि वाटी घेऊन आली. धाकट्याने तोंड मिटून घेतलं.

"राजवैद्यांनी सांगितलंय," मी म्हणाले.

"दरबार कुठे झाला?" त्याने विचारलं. आवाज इतका बारीक की कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. कायदा माझा, पण तो आता त्याच्या हातात होता. खरं तर त्याची भूकच मरून गेली होती, आणि न खाण्याला माझा कायदा आयता सापडला होता. आईने हाता-पाया पडून पाहिलं, दरडावून पाहिलं, नाक दाबून एक घोट घातला तर तो सगळा बाहेर आला. दुसऱ्या दिवशीही तेच. वैद्यबुवा आईला बाजूला घेऊन म्हणाले, "तापातून पोर वाचलं, वहिनी. आता पोटात काही गेलं नाही तर उपासाने जाईल."

मी ते ऐकलं. मला भीती वाटली, खूप वाटली, पण हातपाय गाळणं माझ्या स्वभावात नाही. बाबा त्या दिवशी दफ्तरात गेले नव्हते. बैठकीत नुसते बसून होते. मी समोर उभी राहिले आणि म्हणाले, "पगडी घाला आणि चला. दरबार भरवायचाय."

मला वाटलं, थोबाडीत बसणार. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, उठले, अंगरखा चढवला, पगडी घातली.

भर दुपारी ते धाकट्याच्या खाटेसमोर उभे राहिले आणि कमरेत वाकून त्यांनी मुजरा केला. पोटच्या पोराला. आईचा हात वाटीवरच थांबला.

"हुकूम झाला आहे," बाबा म्हणाले. "रोग्याने कढण घ्यावं."

धाकट्याने डोळे उघडले. "राजवैद्य कुठे आहेत?"

हा सवाल मी हिशेबात धरलाच नव्हता. बाबा मात्र अडखळले नाहीत. "ते थकले. कामावरून उतरले. दरबाराने त्यांची जागा आपल्याला दिली, आजपासून राजवैद्य आपण. आता पथ्य आपण आधी चाखायचं, मगच ते रोग्याकडे जाईल. रीत आहे."

धाकटा विचारात पडला. मग त्याने तोंड उघडलं. आईने चमचाभर कढण घातलं. त्याने ते गिळलं, पोटात राहिलंही. "ठीक आहे. भेज दो," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा ओठ मिटले.

चाखायला एकच चमचा पुरतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं.

"कुणाकडे पाठवू?" बाबांनी अदबीने विचारलं.

"खंदकातल्या लंगडीला."

"जी. आणि बिनमिशीच्या बोक्याचं? प्रत्येकाचं वेगळं चाखावं लागेल."

धाकट्याने दुसरा चमचा घेतला. मग बाबांनी उलटकेसवालीची आठवण केली, मग दिवसा आंधळी होणाऱ्या जुळ्यांची, मग स्वतःच्याच शेपटीला भिणाऱ्या म्हाताऱ्या सरदाराची. एकेका आजारासकट, एकेका औषधासकट. मी थक्क झाले. यातलं एक अक्षरही मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. बैठकीची आणि आजारपणाच्या खोलीची भिंत एकच होती. इतके दिवस मी धाकट्याला मांजरांच्या गोष्टी सांगायची तेव्हा दफ्तरातून आलेले बाबा त्या भिंतीला टेकून बसत असणार.

माझी मांजरं संपली. वाटीत अजून कढण होतं.

"आणखी एक बोका आहे," बाबा म्हणाले. हा बोका मी रचलेला नव्हता. "दफ्तरात असतो."

"त्याला काय होतंय?"

"छातीत धडधडतं, राजवैद्य. घास उतरत नाही. किती रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही."

धाकट्याने चमचा तोंडात घेतला, बराच वेळ घोळवला आणि गिळला.

"त्याला म्हणावं, अब सो जा," तो म्हणाला. "मी आहे इथे."

बाबा "जी" म्हणाले, मुजऱ्यासाठी वाकले आणि कितीतरी वेळ वर आलेच नाहीत.