आमची चाखायची पाळी

माझी मुलगी तिसरीत होती. एके संध्याकाळी ती दप्तर हलवत अंगणात शिरली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आई, उद्या तुही पाळी आहे! मोठ्या सरांनं सांगतलं!"

मी सुपात तांदूळ पाखडत होते. धाकटी जाऊ मोरीवर भांडी घासत होती, तिच्या हातून कढई सुटली. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी आधी पोरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आता हे बी शाळेत शिकवून राह्यले का वो?"

उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. शाळा हिंदीतली. सर म्हणाले होते, 'कल तुम्हारी मम्मी की बारी है.' पोरीनं घरी येता येता त्याचं मराठी केलं होतं. सरकारी शाळेत मुलांना दुपारचं जेवण मिळतं. ते मुलांच्या आधी दोन आयांनी चाखून पाहायचं असा नियम, आणि त्या आठवड्यात आमच्या घराचा नंबर लागला होता. एक मी, दुसरी जाऊ.

"लेकरायचं जेवण तुमी काहून खाता?" सासूबाईंनी विचारलं.

"खायचं नाई आत्याबाई, फकस्त चाखायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग लुगडं कायले बदलून राह्यली?"

मी आणि जावेनं लग्नकार्यातल्या साड्या नेसल्या होत्या, हे खरं आहे.

माझं माहेर गोंदियाकडचं. लग्न होऊन सीमेपलीकडं, मध्य प्रदेशातल्या लांजीच्या रस्त्यावरच्या या गावात आले. आमच्याकडं दोन्ही वेळा भात. गहू पाहुण्यांसाठी. नवरे सकाळी डबा घेऊन बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात जातात, मुलं शाळेत, सासूबाई लवकर जेवून आडव्या होतात. दुपारी आम्ही दोघी जावा चुलीपाशी उभ्याउभ्याच सकाळचा गार भात आणि तळाशी राहिलेलं वरण संपवतो. त्याचं आम्हाला काही वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायला आधी दुसरं काहीतरी पाहिलेलं असावं लागतं.

ते आम्ही शाळेच्या स्वयंपाकघरात पाहिलं.

तिथं महिला बचत समूहातल्या एक काकी रांधायच्या. जाड, घामेजलेल्या, तोंडानं फटकळ. त्यांनी आम्हाला तागाच्या टाटपट्टीवर बसवलं आणि पुढ्यात ताटं ठेवली. तव्यावरून उतरलेली पोळी, तुरीची डाळ, चणे-टमाट्याची भाजी. पोळी फुगलेली होती. ती मी बोटानं फोडली तेव्हा वाफ आली.

"काकी, एवढं नाई. चमचाभर चाखायचं आहे," मी म्हटलं.

"गुमान खा. रोज उरते, मंग ढोरायले जाते. आन् लेकरायले वाढून वाढून मी कटाळली. एखांदी बाई बसून खाते, ते पाहू तरी दे."

आम्ही खाल्लं. काकींनी दुसरी पोळी टाकली, तीही खाल्ली. तिसरीच्या वेळी जाऊ म्हणाली, "अजून चव नीट समजली नाई," आणि ताट पुढं केलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दुसऱ्या बाईनं रांधलेलं, गरम, बसून, कुणी हाक मारत नसताना असं दुपारचं जेवण मी तेव्हा पहिल्यांदा जेवले. परतताना जाऊ म्हणाली, "ताई, आपली बारी आता कधी येईन?"

बातमी बोअरवेलवर पोचायला एक दिवस लागला. त्या आधी आया चाखायला जायचं टाळत असत, आता टाळेनात. दोघींची पाळी असेल तर चौघी दिसू लागल्या. एक म्हणे, माझी पाळी पुढच्या हप्त्यात आहे, कसं करायचं ते शिकायला आले. दुसरी म्हणे, माझ्या पोराला भात पचत नाही, चौकशी करायची आहे. एका शेजारणीचा मुलगा तर आठवी पार करून शेजारच्या गावातल्या शाळेत जात होता, तरी ती आली. विचारलं तर म्हणाली, "धाकटा होईन तवा हेच शाळेत येईन ना?"

हेडमास्तर दूरच्या जिल्ह्यातून बदली होऊन आलेले. सडसडीत, शांत माणूस. मराठी समजायचं, बोलायचे हिंदीत. एका गुरुवारी पुलाव आणि पकोड्यांची कढी होती. त्यांनी दारातून पाहिलं तर टाटपट्टीवर सहा बायका, आणि मुलं हात धुऊन बाहेर रांगेत उभी.

"बहनजी," ते हात जोडून म्हणाले, "चखना है. खाना नहीं है."

"हौ सर. चाखूनच राह्यलो," जाऊ म्हणाली. तिच्या गालात पकोडा होता.

दुसऱ्या दिवसापासून सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी स्टीलचा चमचा दिसू लागला. पाळीवरच्या दोनच बायकांना आत प्रवेश. सर स्वतः चमचा देणार, एक घास होईस्तोवर उभे राहणार, मग चमचा धुऊन परत खिशात. ताट बंद.

आम्हाला अपमान वाटला. पण सरांशी भांडायचं कशावरून? मुलांच्या जेवणावर आमचा हक्क नव्हता, हे आम्हालाही कळत होतं. शेवटी जाऊच म्हणाली, "चाखा म्हणतात ना, मंग चाखू."

पुढच्या पाळीला आम्ही खरोखरच चाखायला बसलो. जावेनं चमचा घेतला, डाळीत घातला, डोळे मिटले.

"मीठ बरोबर आहे. आता तिखट पाहाव लागन."

दुसरा चमचा.

"तिखट बी बरोबर. आता डाळ शिजली का नाई?"

तिसरा चमचा. सर घड्याळ पाहू लागले.

"सर, हे वरची डाळ होती. वर तर पाणीच आहे. खालची पाहू द्या."

सर म्हणाले, नीचे-ऊपर एक ही है. काकींनी कमरेवर हात ठेवून सांगितलं की पोरांना पातळच आवडते. तेवढ्यात मी डाव तळापर्यंत नेला आणि वर आणला. तळाशी डाळ होती, वर पिवळं पाणी. आणि सगळ्यांना माहीत होतं की वरचं आधी लहानांच्या ताटात पडतं आणि तळचं आठवीच्या पोरांच्या. सरांनी स्वतः चमचा घेऊन चाखलं, एकदा वरून, एकदा खालून.

"काकी, चलाकर परोसो," ते म्हणाले. म्हणजे ढवळून वाढा.

भाजीचंही तेच. मिश्र भाजी म्हणायची आणि त्यात बटाटा, आणखी बटाटा आणि एखादं चुकलेलं गाजर. सर म्हणाले, बाजार लांजीला, आठवड्यातून एकदा, हिरवी भाजी टिकत नाही. त्यात खोटं काही नव्हतं. पण आमच्या प्रत्येकीच्या घरामागं सांदवाडी, म्हणजे भाजीची परसबाग आहे, आणि त्या दिवसांत लौकी म्हणजे दुधी आणि बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या शेंगा एवढ्या लागल्या होत्या की शेजारणी एकमेकींना द्यायला घाबरत. घेतली की उलट तिची घ्यावी लागायची.

तेव्हा ठरलं. जिची पाळी, तिनं सांदवाडीतलं काहीतरी घेऊन यायचं. कुणी शेंगा, कुणी कोवळं कोहळं, कुणी पालक, कुणी नुसती सांबाराची जुडी. आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि ती जुडी पाहून सर एकदा डोसे होणार असं समजले होते. लौकी पोरांना आवडत नव्हती म्हणून काकींनी ती किसून गुरुवारच्या पकोड्यांत घातली. पोरं बोटं चाटत राहिली. माझ्या मुलीनं घरी येऊन सांगितलं, "आई, आज पनीरचे पकोडे होते."

आमचा खरा हेतू मात्र वेगळा होता, तो सांगून टाकते. आम्हाला वाटलं होतं, भाजी आपली म्हटल्यावर सर ताटाला नाही म्हणणार नाहीत. आणि ते म्हणालेही नाहीत. चमचा खिशातच राहू लागला, मुलं जेवून उठली की तुम्ही बसा, असं त्यांनी स्वतः सांगितलं. फक्त एक गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती. जेवण चांगलं झालं आणि पोरं जास्त जेवू लागली. पूर्वी उरायचं, आता भगोणं पुसून निघू लागलं. आम्ही मोठ्या आशेनं ताट घेऊन बसायचो आणि काकी रिकामा डाव दाखवायच्या.

"तुमच्याच हातानं तुमचं जेवण गमावलं," त्या हसून हसून लाल व्हायच्या. मग दोन पोळ्या आधीच फडक्यात झाकून ठेवू लागल्या, हे सरांना कळलं नाही. किंवा कळलं असेल.

या सगळ्यात सासूबाईंना मी काही सांगितलं नव्हतं. पण सांदवाडीतल्या लौक्या कमी होत होत्या आणि त्या मोजत नसल्या तरी पाहत होत्या. कुणीतरी त्यांना सांगितलं, तुमच्या दोन्ही सुना शाळेत पंगत झोडतात. त्या मंगळवारी खीर-पुरी होती. मुलं जेवून पांगली होती. माझ्या हातात पुरी, पुरीत खीर, आणि ती तोंडाशी नेली तेव्हाच दारात काठी वाजली.

"वा रे वा," सासूबाई म्हणाल्या. "घरी म्हणते, भूक नाई."

जाऊ पाठीमागं सरकली. माझी पुरी तशीच हवेत राहिली. सर ऑफिसातून धावत आले. कुणाला काही सुचायच्या आत काकी पुढं झाल्या.

"या आजी! तुमचीच वाट पाहून राह्यलो. आज आज्यायची बारी आहे."

"कायची बारी?"

"चाखाची. आयायची झाली, आता आज्यायची."

काकींनी सरांकडं पाहिलं. सरांनी खोटं बोलायच्या आधी क्षणभर विचार केला, मग ऑफिसातली खुर्ची उचलून आणली. "बैठिए माताजी."

सासूबाई खुर्चीवर बसल्या. आयुष्यात कुठल्याही हेडमास्तरानं त्यांच्यासाठी खुर्ची उचलली नव्हती. ताट मांडीवर घेतलं. एक पुरी खाल्ली, दुसरी खाल्ली, खीर वाटीला तोंड लावून प्यायली. आम्ही शिक्षा ऐकायला उभ्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"खिरीत इलायची नाई," त्या सरांना म्हणाल्या. "आन् साखर कमी करा, लेकरायच्या पोटात जंत होतात." मग उठता उठता काकींना हळूच विचारलं, "उद्या काय आहे?"

सरांनी मग स्वतःच मार्ग काढला. कुणाच्या घरी वाढदिवस वगैरे असेल तर त्या घरानं शाळेतल्या सगळ्या मुलांना गोडधोड द्यायचं, आणि त्या दिवशी त्या घरची माणसं मुलांच्या पंगतीत बसू शकतात, अशी सोय आहे म्हणाले. त्यांना वाटलं असावं, एवढा घाट कोण घालणार, आणि हा बायकांचा विषय एकदाचा मिटेल.

आम्ही त्याच संध्याकाळी पहिला वाढदिवस ठरवला. सासूबाईंचा.

अडचण एवढीच की त्या कधी जन्मल्या हे कुणालाच माहीत नव्हतं. आधार कार्डावर एक जानेवारी आहे, गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची आहे तशी. पण एक जानेवारीला शाळेला सुट्टी. म्हणून आम्ही त्यांना अलीकडं ओढलं आणि धान घरात आल्यावरच्या एका शनिवारी जन्माला घातलं. मी नवा तांदूळ आणि गूळ दिला, जावेनं म्हशीचं दूध दिलं, शेजारणीनं लाखोरी डाळीच्या रोपांची कोवळी भाजी खुडून आणली. इलायची सासूबाईंनी स्वतः आणली, कनवटीला बांधून.

त्यांना मुलांच्या पंगतीत मधोमध बसवलं. पोरांनी टाळ्या वाजवून 'हैप्पी बर्थडे दादी' म्हटलं. कितवा वाढदिवस, असं एका पोरानं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "सर सांगतीन." सरांनी थोडा विचार करून "पहला" असं सांगितलं आणि पोरांना ते पटलं.

माझी मुलगी वाढायला होती. तिनं आजीला आधी वाढलं, मग पुढं गेली. सासूबाई ताटाकडं पाहत राहिल्या. शेजारच्या पोरानं ढोसलं, "दादी, खाओ ना, ठंडा हो जाएगा."

"लगनात जेवली, तेरवीत जेवली," त्या मला म्हणाल्या, "पर बायकायची पंगत नेहमी आखरीची. पयल्या पंगतीत आजच बसली." मग लगेच आवाज चढवला, "उभी काय राह्यली? बस ना इथी!"

मी बसले. जाऊ माझ्याआधीच बसली होती.

घरी जाताना त्या आमच्या पुढं काठी टेकत चालत होत्या. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर थांबल्या, दम घेतला, आणि मागं वळून अगदी गंभीरपणे विचारलं, "काहून वो, मी पुढच्या मयन्यात अजून एकदा जलमली, तं चालन का?"

तसं चालत नाही, वर्षातून एकदाच, असं मी सांगितलं. त्यांना ते अजिबात पटलं नाही. त्या हिवाळ्यात मात्र आमच्या गल्लीतल्या बहुतेक म्हाताऱ्या एकामागून एक जन्मल्या, आणि प्रत्येकीच्या वाढदिवसाला माझ्या सासूबाई इलायची घेऊन हजर होत्या.